घर विकायला निघालं म्हणून दार सताड उघडं ठेवू नकोस

प्रिय माधवी,

काल तुझा फोन झाल्यापासून डोक्यात तोच विषय आहे. घरमालकांनी फ्लॅट विकायला काढला याचं तुला वाईट वाटणं साहजिक आहे. मला मात्र जास्त राग आला तो त्या एजंटाचा. भर दुपारी बेल वाजवून चार माणसं थेट आत आणायची, ईशा बारावीचा अभ्यास घेऊन बसलेली, आणि तू ओढणी सावरत त्यांना वॉशिंग मशीनची जागा दाखवतेस! आणि वर म्हणतेस, "घर त्यांचंच आहे गं, आपण नाही कसं म्हणायचं?" त्याचं उत्तर फोनवर नीट देता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

घर त्यांचं आहे, याबद्दल वादच नाही. विकायचा हक्कही त्यांचाच. तुझी परवानगी त्यासाठी लागत नाही. पण करार चालू आहे तोवर त्या घरात राहायचे पैसे तू दरमहा मोजतेस, आणि तिथे कोण, कधी पाऊल टाकणार यात तुला बोलायचा पूर्ण अधिकार आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधलं कलम २८ एकदा वाच. जेमतेम एका वाक्याचं आहे. मालकाला घराची पाहणी करता येते, पण आधी सूचना देऊन आणि वाजवी वेळी. हे नुसतं जुन्या भाडेकरूंसाठी नाही, लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवानगीच्या करारावर, राहणाऱ्या आपल्यासारख्यांचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. आणि ते कलम मालकाच्या पाहणीबद्दल बोलतं. गिऱ्हाइकांची रांग लावून घर दाखवण्याबद्दल त्यात एक शब्द नाही.

म्हणून आता तुझा करार काढ. त्यात इन्स्पेक्शनचा एक परिच्छेद असतो, बहुतेक करारांत तो ठरावीक साच्याचाच असतो: मालक किंवा त्यांचा अधिकृत प्रतिनिधी, पूर्वसूचना देऊन. विक्रीसाठी घर दाखवण्याचं वेगळं काही लिहिलं आहे का ते बघ. लिहिलं असेल तर ते तुला पाळावं लागेल. नसेल तर ते दोघांच्या संमतीने ठरवायचं. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा नमुना काढला, त्यात मालकाने आत यायचं तर किमान २४ तास आधी लेखी किंवा फोनवरच्या मेसेजने कळवायचं आणि सूर्योदयाआधी किंवा सूर्यास्तानंतर यायचं नाही असं म्हटलं आहे. तो नमुना राज्याने स्वीकारला तरच लागू होतो आणि आपल्याकडे अजून १९९९ चाच कायदा चालतो. पण "वाजवी" म्हणजे काय यावर कुणी वाद घातला तर हे २४ तास पुढे करायला चांगले आहेत.

आमचं कोथरूडचं भाड्याचं घर विकायला निघालं तेव्हा सासऱ्यांचं, नानांचं, खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. हॉलमध्येच पलंग टाकला होता. लोक यायचे, त्यांच्या पायथ्याशी उभं राहून "हॉल किती बाय किती?" विचारायचे. एका बाईंनी सरळ आमचं कपाट उघडून आत हात घालून ते किती खोल आहे ते पाहिलं. एजंट मोबाईलवर व्हिडिओ काढत फिरत होता, त्यात देव्हारा, औषधांचा ट्रे, नानांचा चेहरा, सगळं. नाना काही बोलले नाहीत, तोंड भिंतीकडे फिरवलं. ते पाहून माझं डोकंच फिरलं. त्याच रात्री मी मालकांना मेसेज केला. तो अजून आहे माझ्याकडे, जसाच्या तसा देते:

"काका, नमस्कार. घर दाखवायला आमची हरकत नाही. शनिवारी ११ ते १ आणि बुधवारी संध्याकाळी ५ ते ६ या वेळेत दाखवू. आदल्या दिवशी तुमचा किंवा एजंटचा फोन यावा. एका वेळी एकच कुटुंब यावं. आमच्यापैकी कुणी घरात असल्याशिवाय दार उघडू नये, वॉचमनकडे किल्ली ठेवू नये. फोटो-व्हिडिओ आम्हाला विचारल्याशिवाय काढू नयेत. नाना आजारी आहेत, समजून घ्याल ही विनंती."

काका नाशिकला राहायचे, इथे काय चाललंय याची त्यांना कल्पनाच नव्हती. त्यांनी लगेच फोन केला, एजंटला झापलं, आणि पुढे सगळं त्या वेळेतच झालं. तुझे मालकही भले आहेत असं तूच म्हणतेस. मग भीड कशाची? भल्या माणसाला स्पष्ट सांगितलेलं आवडतं. मात्र जे बोलशील ते लेखी असू दे. फोनवर बोलणं झालं तर त्यानंतर "आपलं असं ठरलं" म्हणून एक मेसेज टाक.

आता जरा कटू गोष्ट. तुला वाटतंय की करार मे महिन्यापर्यंत आहे, तोवर कुणी हात लावू शकत नाही. तसं गृहीत धरू नकोस. आपला करार लायसन्सचा, म्हणजे वापरायच्या परवानगीचा आहे. इझमेंट्स अॅक्ट, १८८२ च्या कलम ५९ प्रमाणे मालकाने मालमत्ता दुसऱ्याला दिली की नवा मालक त्या लायसन्सने आपोआप बांधला जात नाही. माझ्या आत्याच्या गिरगावच्या चाळीचा मालक बदलला तेव्हा भाडेपावतीवरचं नाव तेवढं बदललं, आत्या होती तिथेच राहिली. ती पागडीची, म्हणजे जुन्या भाडे कायद्याचं संरक्षण असलेली, भाडेकरू. आपल्याला ते संरक्षण नाही, आणि मुंबई-पुण्यात हजारो कुटुंबं हे माहीत नसताना मुलांच्या शाळा घराजवळ घेऊन बसली आहेत याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण कायद्याने आपल्याला अगदीच वाऱ्यावर सोडलेलं नाही. त्याच कायद्यात कलम ६३ आहे, लायसन्स रद्द झालं तर सामान हलवून बाहेर पडायला वाजवी वेळ मिळालाच पाहिजे. कलम ६४ म्हणतं की पैसे घेऊन दिलेलं लायसन्स तुझी काही चूक नसताना मुदतीआधी मोडून तुला बाहेर काढलं तर देणाऱ्याकडून भरपाई मागता येते. पण ऐन परीक्षेत भरपाई घेऊन काय करणार?

म्हणून माझं ऐक. घर दाखवायला तू सहकार्य करणं ही त्यांची आत्ताची मोठी गरज आहे. नीटनेटकं, हसतमुखाने दाखवलेलं घर लवकर विकलं जातं, हे त्यांनाही कळतं. तू ते मनापासून कर आणि त्या बदल्यात एकच गोष्ट लिहून घे: खरेदीदाराला ताबा ईशाची परीक्षा संपल्यावर, शक्यतो करार संपल्यावरच द्यायचा, आणि ही अट त्यांच्या विक्रीच्या करारातही घालायची. मालकांनी खरेदीदाराकडून टोकन, म्हणजे विसार, घेण्याआधी हे बोल. एकदा टोकन झालं की खरेदीदाराच्या कर्जाच्या हप्त्याची घाई सुरू होते आणि मग सगळे तुझ्याकडे बोट दाखवतात.

डिपॉझिटचंही आत्ताच विचारून ठेव. ते तुझ्या मालकांनी घेतलं, परत त्यांनीच द्यायचं, किल्ल्या हातात देताना. "नवीन मालक देतील" हे तोंडी ऐकून घेऊ नकोस. नवा मालक तुम्हालाच ठेवतो म्हणाला तर त्याच्या नावाने नवा करार आणि त्याची नोंदणी करून घे; भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती व्हायलाच हवी आणि करून घ्यायची जबाबदारी मालकाची. आणि मुदत संपल्यावर मात्र एक दिवस जास्त राहू नकोस, कारण त्याच कायद्याच्या कलम २४ खाली मुदतीनंतरच्या राहण्याचे दुप्पट दराने पैसे मागता येतात. त्यांनीही सामान बाहेर काढायची धमकी दिली तर घाबरू नकोस, घर रिकामं करून घ्यायला त्यांना सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे त्यासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करावा लागतो.

एजंटला आजच सांग की फोन न करता आलास तर दार उघडणार नाही. गोड बोलून सांग, पण सांग. सेफ्टी डोअर लावूनच बोलायचं. ईशाच्या खोलीत तिच्या पेपरच्या आठवड्यांत कुणीच जायचं नाही, हेही मेसेजमध्ये घाल.

कराराचे फोटो मला पाठव, इन्स्पेक्शन, नोटीस पिरियड आणि लॉक-इन (किती महिने करार मोडता येत नाही ते) ही तीन पानं आधी. वाचून मेसेजचा मसुदा करून देते, तुझ्या नावाने, तुझ्या भाषेत. ईशाला म्हणावं, मावशीने सांगितलंय की तू फक्त अभ्यास कर.

तुझी,
अनघा