हाक येण्याची वाट पाहू नका

मा. डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी, एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर अमेरिकेत शिकणाऱ्या मुलीचा पासपोर्ट नंबर, आय-20 या विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशाच्या कागदावरचा ‘एन’ने सुरू होणारा सेविस नंबर (परदेशी विद्यार्थ्यांच्या तिथल्या सरकारी नोंदीचा), तिच्या रूममेटचा फोन आणि एका वकिलाचा फोन आहे. 2025 च्या मार्चमध्ये तिने व्हिडिओ कॉलवर सांगितलं आणि मी लिहून घेतलं. तिथे सकाळचे अकरा, इथे रात्रीचे साडेआठ. कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, म्हणून प्रत्येक आकडा तिने दोनदा म्हटला. मग डावा हात कॅमेऱ्यासमोर धरला. मनगटाच्या वर पेनाने तोच वकिलाचा नंबर लिहिला होता. “फोन आधी काढून घेतात ना, आई,” ती म्हणाली.

त्या दिवशी तिच्या विद्यापीठाच्या आवारात सभा होती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पॅलेस्टिनच्या बाजूने आंदोलन करणारा विद्यार्थी महमूद खलील याला 8 मार्चला त्याच्या राहत्या इमारतीतून उचललं होतं. त्याच्याकडे ग्रीन कार्ड होतं, बायकोला आठवा महिना होता. त्याला सोडा, यासाठी ती सभा. मी म्हटलं, “जाऊ नकोस. तुझा काय संबंध? गप्प राहा, डिग्री घे आणि ये. घरावर कर्ज आहे.” ती “बरं” म्हणाली. ती गेली की नाही, मला आजही माहीत नाही, कारण मी विचारलंच नाही. चौथीत असल्यापासून जिच्याकडून वक्तृत्व स्पर्धेची भाषणं मीच पाठ करून घेतली, तिला मीच तोंड मिटायला सांगितलं. तेव्हापासून हे मनाला खातंय, म्हणून लिहायला बसले.

मी 31 वर्षं मुंबई उच्च न्यायालयाच्या अपील शाखेत नोकरी केली. कायद्याची पंडित नाही, पण कागद कसा चालतो आणि कुठे अडतो, हे जाणते. त्या भरवशावर हे पत्र.

आधी आपल्या माणसाबद्दल. बदर खान सुरी, भारतीय नागरिक, जामिया मिलियाचे पीएच.डी., वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात संशोधन करणारे आणि शिकवणारे. 17 मार्च 2025 च्या रात्री तोंडावर मास्क लावलेल्या माणसांनी त्यांना व्हर्जिनियात घराबाहेर पकडलं. कुठलाही गुन्हा दाखल नव्हता. ते हमासचा प्रचार करतात, असं तिथल्या सरकारने म्हटलं. पत्नी पॅलेस्टिनी वंशाच्या अमेरिकी नागरिक, सासरे एकेकाळी हमासच्या नेत्याचे सल्लागार, हेही पुढे केलं गेलं. सासरे कोण होते यावरून जावयाला हद्दपार करायचं, याला मी तरी न्याय म्हणणार नाही. काही दिवसांत त्यांना व्हर्जिनियातून लुइझियाना आणि तिथून टेक्सासच्या कोठडीत नेलं. घरी तीन लहान मुलं होती.

ज्या तरतुदीवर हे सगळं उभं होतं ती 1952 च्या इमिग्रेशन कायद्यातली आहे. एखाद्या परदेशी माणसाच्या असण्याने अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाला गंभीर बाधा येईल, असं तिथल्या परराष्ट्रमंत्र्याला वाजवी कारणाने वाटलं तर त्या माणसाला बाहेर काढता येतं. म्हणजे तिकडे ही लेखणी मार्को रुबिओ यांच्या हातात आहे. आपण ज्यांना भेटता, ज्यांच्याशी बोलता, तेच. म्हणून हे पत्र गृहमंत्र्यांना किंवा शिक्षणमंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहिते आहे.

21 मार्चला आपल्या मंत्रालयाच्या साप्ताहिक पत्रकार परिषदेत या अटकेबद्दल विचारलं गेलं. उत्तर मिळालं की अमेरिकी सरकारने किंवा त्या व्यक्तीने आमच्याशी वा दूतावासाशी संपर्क साधलेला नाही. कोलंबिया विद्यापीठात नगररचनेत पीएच.डी. करणाऱ्या एका भारतीय मुलीचा व्हिसा त्याच महिन्यात रद्द झाला आणि ती कॅनडाला निघून गेली. तिच्याबद्दलही हेच, की तिने मदत मागितल्याचं माहीत नाही, ती गेल्याचं बातम्यांतून कळलं.

साहेब, कोठडीतला माणूस हाक कशी मारणार? फोन जप्त, आज या राज्यात, उद्या त्या राज्यात. आणि हाक आलीच पाहिजे, असं कायदाही म्हणत नाही. 1963 च्या व्हिएन्ना कराराचं कलम 36 आपल्याला मी काय सांगावं! ताब्यातल्या आपल्या नागरिकाला भेटण्याचा, त्याच्याशी बोलण्याचा, त्याच्यासाठी वकील उभा करण्याचा हक्क त्या कलमाने दूतावासाच्या अधिकाऱ्यालाही दिला आहे. त्या माणसाने स्वतःहून स्पष्ट नकार दिला तरच अधिकाऱ्याने थांबायचं.

हेच कलम घेऊन आपण 2017 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलो होतो, कुलभूषण जाधवांसाठी. मराठी माणूस, मुंबईचं घर. हरीश साळवे यांनी एक रुपया मानधन घेतलं. 17 जुलै 2019 ला निकाल लागला, पंधरा विरुद्ध एक. पाकिस्तानने आपल्या अधिकाऱ्यांना भेटू दिलं नाही, हा कराराचा भंग ठरला. लोअर परळला त्यांच्या मित्रांनी फुगे सोडले, ते आम्ही टीव्हीवर पाहिलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा परराष्ट्रमंत्री आपणच होता. पाकिस्तानच्या तुरुंगाचं दार ज्या कलमाने ठोठावलं, त्याच कलमाने टेक्सासचं दार ठोठावता आलं असतं. ह्यूस्टनचा आपला वाणिज्य दूतावास तर त्याच राज्यात आहे.

आणखी एक आठवण करून देते. डिसेंबर 2013 मध्ये तिथल्या वाणिज्य दूतावासातल्या आपल्या अधिकारी देवयानी खोब्रागडे यांना न्यूयॉर्कमध्ये अटक झाली, तेव्हा दिल्लीत अमेरिकी दूतावासापुढचे अडथळे हटवण्यापर्यंत मजल गेली होती. त्याच सुमारास आपण वॉशिंग्टनला राजदूत म्हणून रुजू झालात आणि जानेवारीत त्या मायदेशी परतल्या. ते योग्यच झालं. विद्यार्थ्याला राजनैतिक संरक्षण नसतं, हे मला समजतं. पण म्हणूनच त्याला आपली गरज जास्त.

सुरींना सोडवलं ते वकिलांनी आणि लोकांनी. वकिलांनी लगेच हेबियस कॉर्पसची, म्हणजे ताब्यातल्या माणसाला न्यायालयापुढे आणा अशी, याचिका टाकली. 20 मार्चला न्यायाधीश पॅट्रिशिया जाइल्स यांनी त्यांना देशाबाहेर काढू नका असा आदेश दिला, 14 मे रोजी सुटका झाली. मधल्या काळात जॉर्जटाउनचे विद्यार्थी आणि प्राध्यापक त्यांच्यासाठी जाहीरपणे उभे राहिले. टफ्ट्स विद्यापीठाची तुर्की विद्यार्थिनी रुमेयसा ओझतुर्क हिचा अपराध काय, तर विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात तिघांबरोबर लिहिलेला एक लेख. ती 9 मे रोजी बाहेर आली. खलील 20 जूनला सुटला. त्याचा मुलगा एप्रिलमध्ये जन्मला, तेव्हा तो आत होता.

हेबियस कॉर्पसला आपल्याकडे बंदी प्रत्यक्षीकरण म्हणतात. आमच्या कोर्टात अशी याचिका सकाळी मेन्शन झाली की बोर्डावरची कामं बाजूला सरकायची. शिपाई कागद हातात घेऊन जिना चढायचा, लिफ्टची वाट बघायचा नाही. कारण बाकीच्या प्रकरणांत तारीख मिळाली तर नुकसान पैशाचं होतं, इथे माणूस आत्ता कुठे आहे हाच प्रश्न असतो. अमेरिकेत तर माणूस ज्या जिल्ह्यात कोठडीत आहे तिथल्याच न्यायालयात सहसा ही याचिका टाकावी लागते. ओझतुर्कसाठी बोस्टनमध्ये याचिका दाखल होईपर्यंत तिला राज्याबाहेर नेलं होतं, आणि जवळपास दिवसभर वकिलांना तिचा पत्ता नव्हता. म्हणून पहिली रात्र महत्त्वाची. त्या रात्री मुंबईतली आई काय करणार? आणि इमिग्रेशन कोर्टात सरकारी खर्चाने वकील मिळत नाही.

म्हणून मागणी एवढीच: बातमी कळल्यापासून चोवीस तासांत दूतावासाचा माणूस कोठडीच्या दारात उभा राहिला पाहिजे, कुणी बोलावो न बोलावो. सोबत इमिग्रेशनची कामं करणारा वकील हवा, ज्याचं नाव आधीच ठरलेलं असेल. पैशाचं म्हणाल तर भारतीय समुदाय कल्याण निधी 2009 पासून आहे, गरजू भारतीयांना कायदेशीर मदत देण्याची सोय त्यात आहे, आणि तो भरतो परदेशातल्या आपल्याच लोकांनी दूतावासात दिलेल्या शुल्कातून. 2023-24 मध्ये अमेरिकेत 3,31,602 भारतीय विद्यार्थी होते, कुठल्याही देशापेक्षा जास्त. ते काय बोलले, ते आपल्याला पटतं की नाही, हा प्रश्न त्या दारात विचारू नये.

तिकडचे लोक उलट विचारतील, की तुमच्याकडे काय होतं? 2020 मध्ये जादवपूर विद्यापीठातल्या पोलंडच्या विद्यार्थ्याला एका निदर्शनाला हजर राहिल्याबद्दल देश सोडण्याची नोटीस आपल्याच यंत्रणेने दिली होती. कलकत्ता उच्च न्यायालयाने मार्चमध्ये ती रद्द केली. आपल्या न्यायालयाचा हा निकाल आपण ताठ मानेने सांगावा, आणि तशी नोटीस पुन्हा निघू नये हेही बघावं.

नोकरीत असताना मी डबा घेऊन हॉर्निमन सर्कलच्या बागेत बसायची. पुष्कळ वर्षं ते नाव नुसतं पाटीवर वाचलं. बेंजामिन हॉर्निमन, ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे इंग्रज संपादक. आपल्या लोकांच्या बाजूने लिहितात म्हणून एप्रिल 1919 मध्ये त्यांना मुंबईतून उचलून बोटीवर चढवलं आणि विलायतेला धाडलं. 1926 मध्ये ते परत आले. स्वातंत्र्यानंतर या शहराने एल्फिन्स्टनचं नाव काढून तिथे त्यांचं लावलं.

आमच्या सोसायटीत अकरा घरांतली मुलं अमेरिकेत आहेत. गेल्या रविवारी खालच्या हॉलमध्ये बसलो. दोघांनी सही करायला नकार दिला. मुलांच्या व्हिसाची भीती वाटते म्हणाले, आणि त्यांना दोष द्यायला माझं तोंड नाही. नऊ सह्या सोबत आहेत. वेगळ्या पाकिटात आपल्या मंत्रालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्यांना माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांच्या पोस्टल ऑर्डरसह, स्पीड पोस्टने धाडला आहे: 2025 मध्ये अमेरिकेत ताब्यात असलेल्या किती भारतीय विद्यार्थ्यांना आपल्या अधिकाऱ्यांनी कोठडीत जाऊन भेट दिली, पहिली भेट किती दिवसांनी झाली, आणि कल्याण निधीतून वकिलांवर किती खर्च झाला. उत्तराची मुदत तीस दिवस आहे.

आज रात्री मुलीला फोन करणार आहे. ती त्या सभेला गेली होती का, ते विचारणार आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी
विलेपार्ले, मुंबई