रजिस्ट्रेशनचा विषय काढणार नाहीये

मनू,

परवा डॉक्टरकी सोडून स्टेजवर कॉमेडी करायच्या तुझ्या बेतावरून बोलताना "बाबा, रॉब सिच पण डॉक्टरच होता ना" म्हणून तू फोन ठेवलास. मी गप्प बसलो ते पटलं म्हणून नाही, हा कोण ते माहीत नव्हतं म्हणून. मग बसलो शोधत. खरंय, मेलबर्न युनिव्हर्सिटीतून मेडिसिन केलं, थोडी प्रॅक्टिस केली आणि मग टीव्हीवर कॉमेडी. पण आधी डिग्री हातात घेतली बरं का. तू पण घेतलीस, मान्य. ३० सप्टेंबरच्या आत डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशन रिन्यू करशील ना? एवढंच विचारतो, पुढे विषय नाही.

त्याची 'युटोपिया' ही टीव्ही मालिका बघितली, एका बैठकीत किती एपिसोड झाले आई सांगेल. अगं ते तर आमचंच ऑफिस! मोठमोठी कामं करायला काढलेलं सरकारी खातं, आणि काम सोडून लोगो, घोषणा, फोटो सगळं जोरात, रॉब स्वतः त्यात साहेब झालाय, तो बिचारा कामाचं बोलायला गेला की कोणीतरी येऊन भलतंच काढतं. बांधकाम खात्यात मी असे नारळ फुटलेले पाहिलेत की पुलाचा अजून पत्ता नाही. हा माणूस तिथे मेलबर्नला बसून आमच्या सावंतसाहेबांना कसा ओळखतो देव जाणे.

मग त्याचाच सिनेमा 'द कॅसल', १९९७ चा. विमानतळासाठी घर जाणार म्हणून साधा टो ट्रकवाला कोर्टात जातो, ते घर आपल्या डोंबिवलीच्या घरापेक्षा बेकार आहे पण त्याला राजवाडा वाटतो. अख्खं शूटिंग ११ दिवसांत! पण एक बघ, रॉब एकटा नव्हता. सँटो सिलॉरो, टॉम ग्लाइझनर, जेन केनेडी, चौघांनी मिळून लिहिलं, त्याच्या आधीची 'फ्रंटलाइन' ही टीव्ही मालिका पण याच लोकांची. तुझ्याबरोबर कोण आहे? एकटी माईक धरून उभी राहणार, एखाद्या रात्री कोणीच हसलं नाही तर घरी जाऊन कोणाशी बोलणार तू? म्हणून म्हणतो रजिस्ट्रेशन चालू असलं की निदान... सॉरी. परत लेक्चर.

जमेल तुला, ते मला आप्पांच्या वेळीच कळलंय. आयसीयूबाहेर बाकड्यावर तू बंडूकाकाची नक्कल केलीस, इन्शुरन्सवाल्याशी फोनवर ओरडतो ती, आणि आजी हसली. त्या दिवशी! सिस्टर बाहेर येऊन ओरडली आणि मग तीही थांबून बघत राहिली. मी कोणाला बोललो नाही, पण आपल्या घरात असं कोणाला जमलं नसतं.

फॉर्म भरायला दहा मिनिटं लागत असतील, फी मी पाठवतो, एकच वर्ष भर, मग पुढच्या वर्षी बघू. ह्यावर आता खरंच नाही बोलणार.

एप्रिलच्या कॉमेडी फेस्टिव्हलला यायचं आईने ठरवलंय, मला विचारलेलं नाही. तिकीट विकत घेऊनच बसू, फुकट नको. आणि शोमध्ये माझ्यावर काही असेल तर आधी सांग, आईला विचारलं तर ती नुसती हसते.

बाबा