हजारो अंडी घालणाऱ्या बेडकालाही धोका असतो

संपादक महोदय,

जून तोंडावर आला की गोव्यात मांसासाठी बेडूक मारू नका अशी आवाहने सुरू होतात आणि उत्तरही ठरलेले असते, 'बेबे (बेडूक) काय संपतात होय?' न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत 'लाफिंग आउल' हे घुबडही भरपूर होते. सशांचा उपद्रव आवरण्यासाठी १८८०च्या दशकात तिथे स्टोट व फेरेट हे मुंगसासारखे शिकारी प्राणी आणून सोडले. हे घुबड खडकाच्या कपारीत, जमिनीलगत अंडी घालायचे, तीही बहुधा दोनच. शेवटचे घुबड १९१४ मध्ये कँटरबरी भागात मेलेले सापडले.

आपला मोठा बेडूक म्हणजे इंडियन बुलफ्रॉग. त्याची मादी एका हंगामात हजारो अंडी घालते आणि आज तो नामशेष होण्याच्या वाटेवर नाही, हे मान्य. पण घुबड जसे घरट्यावर सापडले, तसा हा बेडूक विणीच्या वेळी सापडतो. पहिल्या जोरदार पावसात नर पिवळेजर्द होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून डरांव डरांव करतात आणि शेतातल्या उथळ पाण्यात एकत्र जमतात. बॅटरीचा झोत डोळ्यांवर पडला की जागीच थिजतात. मादी नरापेक्षा मोठी, म्हणून पोत्यात आधी तीच जाते, पोटातल्या अंड्यांसकट. अंडी घालण्याआधीच मादी गेली तर त्या 'हजारो'चा हिशेब कशाच्या जोरावर मांडायचा?

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार गुन्हा आहे. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात केंद्राने १९८७ मध्येच बंद केली. तरीही 'जंपिंग चिकन'ला, म्हणजे बेडकाच्या मांसाला, गिऱ्हाईक मिळते, म्हणून पकडणारे रात्री बाहेर पडतात. वन खात्याने गस्त घालायची ती पहिल्या पावसाच्या रात्रींत, शेताच्या बांधांवर. जुलैत जाऊन उपयोग नाही, तोवर बहुतेक मेळे उरकलेले असतात.

शेतकऱ्यांनीही अंडी दिसलेल्या खाचरात लगेच कीटकनाशक मारू नये. बेडकाची कातडी पाणी शोषते, विषही शोषते. कोपऱ्यातले एखादे डबके महिना-दीड महिना तसेच ठेवावे. मध्येच पाणी सोडून दिले तर पाय फुटण्याआधीच पिल्ले चिखलात सुकतात.

— एक वाचक, फोंडा