रांगोळीच्या ठिपक्यांतले गणित

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये इतर विषय कलेच्या आधारे शिकवण्यावर भर दिलेला आहे. अनेक शाळांत मात्र त्याचा अर्थ गणिताच्या वहीतल्या आकृत्या रंगवून घेणे एवढाच लावला जातो, आणि परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तासच गणिताच्या राहिलेल्या धड्यांसाठी घेतला जातो. मी प्राथमिक शाळेत गणित शिकवते, म्हणून हे अधिकच खटकते.

ठिपक्यांची रांगोळी आपल्या घरोघरी आहे. ७ ते ४ ठिपक्यांची, म्हणजे मधल्या ओळीत ७ आणि वर-खाली एकेक कमी होत शेवटी ४, अशी मांडणी करून एकूण ठिपके विचारले, तर काही मुले ओळींची बेरीज करतात. काहींना मधल्या ठिपक्याभोवती ६, १२ आणि १८ ठिपक्यांची षटकोनी कडी दिसतात. दोन्ही वाटांनी उत्तर ३७ येते. पुढच्या कड्यात २४ ठिपके येणार हे मुले न मांडताच सांगतात आणि मग ९ ते ५ ची रांगोळी मांडून ६१ चा पडताळा घेतात. याच ठिपक्यांवर फिरकीसारखी नक्षी काढली, तर कागद ६० अंशांनी फिरवल्यावर ती जशीच्या तशी दिसते, पण आरशात उलट्या दिशेने वळलेली दिसते. आरशातली सममिती आणि फिरवून येणारी सममिती वेगळी असते, हे व्याख्या न सांगता मुलांना कळते.

वारली चित्रातला माणूस दोन त्रिकोणांचा असतो एवढे सांगून थांबणे मला पटत नाही. त्यात गणितही होत नाही आणि त्या चित्राचा मानही राखला जात नाही.

प्राथमिक शाळांत स्वतंत्र कलाशिक्षक बहुधा नसतो. परंतु शासकीय रेखाकला परीक्षांमध्ये भूमिती वर्षानुवर्षे असल्याने माध्यमिक शाळांतील चित्रकला शिक्षकांकडे हे कसब आहे. शिक्षण विभागाने प्रशिक्षणांत त्यांना प्राथमिकच्या शिक्षकांसोबत बसवून असे पाठ तयार करून घ्यावेत, आणि चित्रकलेचा तास अन्य विषयासाठी घेतला जाऊ नये अशी स्पष्ट सूचना शाळांना द्यावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका, सातारा