मदरबोर्डाचं नाव शेपटीकडून वाचायला लावणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधल्या तुमच्या काउंटरच्या काचेखाली मदरबोर्ड कसा निवडायचा याचा जो हाताने लिहिलेला तक्ता आहे, त्याचे जाहीर आभार मानायला हे पत्र. सुदामानगर, रामबाग, लोकमान्यनगर भागात कुणाला पीसी जोडून हवा असला की आम्हा चार-पाच जणांकडे निरोप येतो. आम्ही आधी त्या तक्त्याचा फोटो पाठवतो, मग बोलतो.

‘भिया, बी साडेसहाशेवाला दाखवा’ म्हणत आलेल्या गिऱ्हाइकाला तुम्ही बोर्ड दाखवतच नाही, आधी सीपीयू (प्रोसेसर) कोणता ते विचारता. सगळं तिथूनच सुरू होतं. तक्त्याची पहिली ओळ आम्हाला तोंडपाठ आहे: ‘बी’च्या बोर्डात मधला आकडा 5 असेल तर एएमडी कंपनीच्या सीपीयूचा, 6 असेल तर इंटेलच्या. बी450, बी550, बी650, बी850 एएमडीचे. बी460, बी560, बी660, बी760, बी860 इंटेलचे. अपवादही तुम्ही कोपऱ्यात लिहून ठेवलेत, जुना बी250 इंटेलचा आणि नवा बी840 एएमडीचा. एएमडीचा रायझन 5 7600 घेऊन बी660 वर काही होणार नाही, सॉकेटच (सीपीयू बसवायची जागा) वेगळं. आणि सॉकेट जुळलं म्हणजे काम झालं असंही नाही. इंटेलचा 11व्या पिढीचा आय5 11400 आणि बी460 दोन्ही एलजीए1200 सॉकेटचे, तरी इंटेलने बी460 ला 11वी पिढी दिलेली नाही. त्याला बी560 किंवा एच510 पाहावा लागतो.

आकडा मोठा म्हणून बोर्ड वरचा, हा समज तर तुम्ही मोडूनच काढलात. एएमडीचा ए520 हा बी450 नंतरचा, पण त्यावर सीपीयू ओव्हरक्लॉक होत नाही, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येत नाही, बी450 वर होतो. एक्स670 मध्ये चिपसेटच्या (बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या) दोन चिपा, एक्स870 मध्ये एकच. एक्स870 ला यूएसबी4 हे वेगवान पोर्ट सक्तीचं आहे, म्हणून त्याचा भाव चढतो. ज्याला यूएसबी4 लागत नाही त्याने ते पैसे कशाला भरायचे?

पण खरा घोळ नावाच्या शेपटीत असतो. एमएसआय कंपनीचा ‘प्रो बी760एम-ए वायफाय डीडीआर4’ आणि ‘प्रो बी760एम-ए वायफाय’ हे दोन वेगळे बोर्ड आहेत. दुसऱ्यावर रॅमचा प्रकार लिहिलेला नाही, कारण तो डीडीआर5 रॅमचा. एसुस कंपनी डीडीआर4 च्या जागी नुसतं ‘डी4’ लिहिते. दोन्ही रॅमना 288 पिना, लांबीही सारखी, फक्त खाच थोडी सरकलेली. स्टिक हातात धरून नीट पाहिलं नाही तर फरक कळत नाही, आणि जोर लावला तर स्लॉट जातो. नावातला ‘एम’ म्हणजे मायक्रो एटीएक्स हा बोर्डाचा आकार, जास्तीत जास्त 244 बाय 244 मिलिमीटर. पूर्ण एटीएक्स 305 बाय 244, छोट्या कॅबिनेटमध्ये मावत नाही. गिगाबाइटच्या नावात ‘एएक्स’ असेल तर वायफाय आहे. ‘एएक्स’, ‘एसी’ किंवा ‘वायफाय’ यातलं काहीच नसेल तर राउटरपासून केबल ओढायची तयारी ठेवा.

इंटेलच्या एच610 बोर्डाबद्दल तुम्ही नेहमी हात आखडता घेता, ते बरोबरच आहे. रॅमचे दोनच स्लॉट, आणि 3600 वेगाची डीडीआर4 लावली तरी ती 3200 नेच चालते. आय5 12400 जास्तीत जास्त 117 वॅट ओढतो, त्याला हा बोर्ड पुरतो. आय7 12700 मात्र 180 वॅटपर्यंत जातो. व्हीआरएमवर (सीपीयूला वीज पुरवणाऱ्या भागावर) उष्णता काढणारा हीटसिंक नसलेल्या बोर्डावर तो व्हिडिओ रेंडरला लावला की व्हीआरएम तापतं, बोर्ड सीपीयूचा वेग खाली आणतो आणि बिचारं गिऱ्हाईक कूलर बदलत बसतं. इंदूरच्या मे महिन्यात तर विचारूच नका.

बायोसचं, म्हणजे बोर्डातच असलेल्या पीसी सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरचं, तुम्ही करता ते काम बिलावर कधीच दिसत नाही. बी660 चा जुना माल आणि 14व्या पिढीचा सीपीयू असला की तुम्ही आधी 12व्या पिढीचा सीपीयू बसवून नवा बायोस चढवून देता. नाहीतर घरी पंखे फिरतात आणि पडदा काळा. बोर्डावर बायोस चढवायचं फ्लॅश बटण असेल तर सीपीयूशिवायही जमतं: पेनड्राइव्ह फॅट32 मध्ये फॉरमॅट करायचा, फाईलला एमएसआयसाठी ‘एमएसआय डॉट रॉम’, गिगाबाइटसाठी ‘गिगाबाइट डॉट बिन’ असं रोमन अक्षरांत नाव द्यायचं, 24 पिनी आणि 8 पिनी पॉवर जोडायची, खूण केलेल्या यूएसबीतच पेनड्राइव्ह लावून बटण दाबायचं. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात लावायचा नाही, आणि शक्यतो यूपीएसवरच करायचं. गिगाबाइटचा बोर्ड असेल तर त्याच्या कोपऱ्यात छापलेला रिव्हिजन नंबर आधी पाहायचा, कारण नाव तेच असलं तरी रिव्हिजनप्रमाणे बायोसची फाईल बदलू शकते. खोक्यावर भरवसा नको, बोर्ड बाहेर काढा, हे तुमचंच वाक्य.

एक विनंती मात्र आहे. तक्त्यात दोन ओळींची जागा उरली आहे, तिथे एवढं लिहा. इंटेल सीपीयूच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर बोर्डाच्या एचडीएमआयमधून चित्र येणार नाही, ग्राफिक्स कार्ड लागेल. आणि सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण काउंटरवरच उघडून, टॉर्च मारून पिना पाहायच्या. सीपीयू बसवल्यावर ते झाकण फेकायचं नाही, वॉरंटीत बोर्ड परत देताना लागतं. हल्ली आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी बहुतेक याच दोन गोष्टींच्या असतात.

लिहून झालं की कळवा, नवा फोटो काढायला येतो.

आपले,
सुदामानगर-रामबागची पीसी जोडणारी मंडळी