सातेरीची राणी पावसाच्या तोंडावर बदलू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मधमाश्यांच्या पेटीतली जुनी राणी दरवर्षी काढून नवी घालावी, हा आपल्या शेती पुरवणीतला सल्ला वाचला. मेलिफेरा या परदेशी मधमाशीच्या पेट्या फिरवणाऱ्यांना तो चालत असेल. आम्ही खानापूर तालुक्यात सातेरी ही देशी मधमाशी पाळतो आणि तिची राणी विकत आणायची सोय आमच्याकडे नाही.

अंड्यापासून राणी बाहेर पडायला साधारण 16 दिवस लागतात. पुढे आठवडाभराने ती मिलनासाठी उडते, त्याला ऊन हवं आणि नर हवेत. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात दोन्हींची बोंब. मिलन हुकलेल्या राणीच्या अंड्यांतून नुसते नर निपजतात. राणीच नसली तर सातेरीच्या कामकरी माश्या लवकरच अंडी घालू लागतात, पोळ्यातल्या एकेका घरात दोन-तीन. त्या पेटीला मग नवी राणी पटवणं महाकठीण.

राणी वाढते ते मेणाचं राणीघर दिसलं की मोडा, असंही आम्हाला शिकवलं जातं. (माहितीपत्रक कानडीत असतं, ते वाचतो आम्ही, आतली माहिती मात्र मेलिफेराची.) पोळ्याच्या खालच्या कडेला आठ-दहा राणीघरं लोंबत असतील तर माश्या झुंड काढायच्या, म्हणजे घोळक्याने पेटी सोडायच्या बेतात असतात, पेटी विभागावी. पण एक-दोनच असतील आणि पिलावा (घरांतली अंडी-पिल्लं) विरळ, ठिगळ लावल्यासारखा दिसत असेल, तर माश्यांनीच म्हातारी राणी बदलायला घेतली आहे. तिथे हात लावू नये. राणीघराच्या टोकाचं मेण कुरतडलं जाऊन ते तपकिरी दिसू लागलं की एक-दोन दिवसांत राणी बाहेर.

बदलायचीच झाली तर मी जांभूळ फुलल्यावर बदलतो. नराच्या बंद घराच्या टोपीला सातेरीत मधोमध बारीक भोक असतं. तशी घरं पेटीत भरपूर दिसली की नर येणार हे नक्की. मग जुनी काढून, शांत आणि मधाला चांगल्या पेटीतलं पिकलेलं राणीघर पोळ्याच्या तुकड्यासकट आणून जोडायचं. पिल्लं पिशवीसारखी होऊन मरतात अशा पेटीतलं कधीच घेऊ नये. 1990 च्या दशकात दक्षिणेत सातेरीचा फडशा पाडला तो याच, थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूच्या रोगाने.

दोन्ही माश्यांची माहिती वेगवेगळी छापावी, आणि ती मार्चच्या आत. जूनमध्ये वाचून आमच्या काही कामाची नाही.

एक मधपाळ,
जांबोटी परिसर, ता. खानापूर, जि. बेळगाव