पतेतीला शुभेच्छा कसल्या?

संपादक महोदय,

पारशी नववर्षाच्या सकाळी 'पतेतीच्या हार्दिक शुभेच्छा' हा मजकूर दरवर्षी न चुकता छापून येतो. जाहिरातींत आणि चौकातल्या फलकांवर तर तो सर्रास दिसतो. पण पतेती हा वर्षाचा शेवटचा दिवस. नववर्ष उजाडते तेव्हा ती होऊन गेलेली असते. घटस्थापनेच्या दिवशी 'सर्वपित्रीच्या शुभेच्छा' द्याव्यात, तसा हा प्रकार. (पारशी घरांतही बोलण्याच्या ओघात 'पपेटी' म्हणतात, त्यामुळे सगळे खापर वर्तमानपत्रांवर फोडता येत नाही.)

'पतेत' म्हणजे पश्चात्ताप. वर्षभरात मनाने, वाचेने आणि कृतीने जे चुकले त्याची कबुली देणारी 'पतेत पशेमानी' ही प्रार्थना या दिवशी म्हणायची, म्हणून ती पतेती.

सर्वपित्रीचे उदाहरण उगाच घेतलेले नाही. वर्षाचे अखेरचे दहा दिवस मुक्तादचे, म्हणजे पितरांचेच. अग्यारीत, म्हणजे पारशांच्या अग्निमंदिरात, संगमरवरी मेजांवर चांदीच्या किंवा जर्मन सिल्व्हरच्या फुलदाण्या मांडतात. त्यांवर दिवंगताचे नाव कोरलेले असते. पाणी रोज बदलायचे, शेजारी दिवा तेवत ठेवायचा, मलिदा, पापडी आणि फळे ठेवून सतूमची, म्हणजे दिवंगतांसाठीची, प्रार्थना करायची. पहिले पाच दिवस बाराव्या अस्फंदारमद महिन्याचे. पुढचे पाच कुठल्याच महिन्यात न बसणारे, धर्मसंस्थापक जरथुश्त्राच्या गाथांच्या, म्हणजे स्तोत्रांच्या, नावांचे: अहुनवद, उश्तवद, स्पेन्तोमद, वोहुक्षथ्र, वहिश्तोइश्त. शेवटच्या रात्री, फटफटायच्या आत, फरोहरांना, म्हणजे पितरांच्या आत्म्यांना, निरोप देतात. उजाडले की रोज होरमज्द, माह फरवर्दीन, म्हणजे पहिल्या महिन्याचा पहिला दिवस. हा नवरोज. दारात रांगोळी, चौकटीला तोरण, न्याहारीला रवो आणि सेव-दही. शुभेच्छा द्यायच्या त्या आता, 'नवरोज मुबारक' किंवा 'साल मुबारक' म्हणून.

दुसरा घोळ तारखेचा. तीस दिवसांचे बारा महिने आणि गाथांचे पाच दिवस मिळून वर्ष 365 दिवसांचे. लीप वर्षाचा जादा दिवस यात नाही, म्हणून इंग्रजी तारखेच्या मानाने नवरोज दर चार वर्षांनी एक दिवस मागे सरकतो. 2020 ते 2023 तो 16 ऑगस्टला होता, 2024 ते 2027 तो 15 ऑगस्टला आणि 2028 मध्ये 14 ऑगस्टला. हाच हिशेब मागे नेला तर 1947 साली तो 4 सप्टेंबरला पडतो. तेव्हा गेल्या वर्षीची तारीख डोळे मिटून उचलली की चौथ्या वर्षी फसगत ठरलेली.

ही घसरण सुमारे 120 वर्षांत महिनाभराची होते. ती भरून काढायला आपल्या अधिकमासासारखा एक महिना भारतातल्या पारशांनी एकदा धरला, पुढे ते राहून गेले. इराणातल्या जरथुश्त्रींनी तोही धरला नव्हता. दोन्हीकडच्या पंचांगांत महिन्याचा फरक आहे हे सुरतेत लक्षात आले आणि 1745 मध्ये काहींनी इराणी गणना स्वीकारली. ते कदमी, उरलेले शहेनशाही. मुंबईच्या चार आतश बेहरामांतही, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या अग्निमंदिरांतही, ही वाटणी दिसते: दादीशेठ (1783) आणि बनाजी (1845) कदमी, वाडिया (1830) आणि अंजुमन (1897) शहेनशाही. कदमी नवरोज तीस दिवस आधी येतो. राज्य सरकारच्या यादीतली सुट्टी शहेनशाहीची, आणि ते यादीत कंसात स्पष्ट लिहिलेलेही असते. बातमी करताना तेवढा कंस मात्र गळतो.

21 मार्चचा जमशेदी नवरोज ऋतुमानाचा. लीप दिवस धरणारे फसली पंचांग त्याच दिवशी नवे वर्ष मोजते. बाकीचे पारशीही तो सण म्हणून साजरा करतात, पण त्यांचा सनाचा आकडा त्या दिवशी बदलत नाही. हा सन 632 मध्ये गादीवर आलेल्या यझ्दगर्द तिसऱ्याच्या राज्यारोहणापासून मोजतात, आपल्याकडच्या राज्याभिषेक शकासारखा. फरक इतकाच की यझ्दगर्द हा सासानी घराण्याचा अखेरचा राजा ठरला. त्याच्यामागे नवा सन सुरू करणारे कोणी उरले नाही, आणि जुनीच मोजणी चालू राहिली. 15 ऑगस्ट 2024 ला 1394 लागले.

आपल्या पंचांगाच्या रकान्यात आदल्या दिवसापुढे 'पतेती' आणि दुसऱ्या दिवसापुढे 'पारशी नववर्ष (शहेनशाही)' असे छापावे. जागा एका ओळीचीच लागेल.

– एक वाचक, दादर (पूर्व), मुंबई